सेटिंग होतं तसंच ठेवलं

आमच्या विभागातला नवा कॉम्प्युटर पहिल्यांदा माझ्या डोळ्यांदेखत बंद पडला तेव्हा खोलीत मी एकटीच होते. मला दोषी ठरवायला तेवढं पुरलं.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. नवरा हवाई दलात, विमानांच्या इंजिनांची देखभाल करणाऱ्या शाखेत. त्याची बदली चंदीगडला झाली आणि आम्ही सांगली सोडून तिथे गेलो. क्वार्टर मिळेपर्यंत शहराच्या कडेच्या, दाटीवाटीच्या मनीमाजऱ्यात एका गल्लीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेलं. घरी बसून करू काय म्हणून विद्यापीठात पीएच.डी.ला नाव घातलं आणि नशिबाने जागा मिळाली. काम परीक्षानळीतलं नव्हतं. औषधाचा एक रेणू पाण्यात टाकला तर त्याच्याभोवती पाण्याचे रेणू कसे जमतात, हे कॉम्प्युटरवर आकडेमोड करून काढायचं. एक गणित लावलं की दीड-दोन दिवस चालायचं. तेवढ्या वेळात मशीन मध्येच थांबलं, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

असं गणित पेलणारा कॉम्प्युटर विभागात एकच होता. सेक्टर बावीसमधल्या एका दुकानातून जुळवून आणलेला. तो आठवड्यातले काही दिवस माझ्याकडे असे आणि उरलेले दिवस माझ्या सीनियरकडे.

हा सीनियर माझ्यापुढे तीन वर्षं होता. उंच, गोरा, रोज कडक इस्त्रीचा शर्ट. आमच्या दोघांचे मार्गदर्शक असलेल्या सरांना त्याच्याशिवाय चैन पडत नसे. कॉम्प्युटरमधलं त्याला सगळं कळतं असं विभागात सगळे धरून चालत, कारण तो त्याबद्दल मोठ्याने बोलत असे. मला तो ‘मैडम जी’ म्हणायचा. त्यातला ‘जी’ तो किंचित लांबवायचा आणि शेजारी कोणी उभं असेल तर त्याच्याकडे बघून हसायचा. इतक्या वर्षांनीही तो ‘जी’ माझ्या कानातून गेलेला नाही. जावा असं मला वाटतही नाही.

त्या पावसाळ्यानंतर मशीन हँग व्हायला लागलं. गणित चालू असताना पडदा निळा व्हायचा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत काहीतरी उमटायचं आणि सगळं ठप्प. कधी आपोआप रीस्टार्ट व्हायचं आणि मी सकाळी येऊन बघायची, तर आदल्या दिवशीच्या कामाचा मागमूस नाही. हे माझ्याच दिवशी होतंय असं मी आधी समजले. नंतर एकदा त्याच्या दिवशी मी खोलीत डोकावले, तर तोही निळ्या पडद्यापुढे बसला होता. मला बघताच त्याने बटण दाबून मशीन बंद केलं आणि म्हणाला, “कुछ नहीं, मैडम जी, अपडेट कर रहा था.”

दर शनिवारी सरांच्या खोलीत सगळ्यांची बैठक असे. एका शनिवारी सरांनी विचारलं, मशीन वारंवार का बिघडतंय. मी तोंड उघडायच्या आत सीनियर म्हणाला, “सर, मैडम जी घर से फ्लॉपी लाती हैं. मनीमाजरा के किसी साइबर कैफ़े में लगाती होंगी. वायरस वहीं से आया है.”

सगळे हसले. मनीमाजऱ्याचं नाव काढलं की त्या खोलीत हसायची पद्धत होती.

मी म्हटलं, “सर, मशीन इनके दिन भी बंद होती है. मैंने देखा है.”

सरांनी त्याच्याकडे बघितलं. त्याने फक्त मान हलवली, एखाद्या लहान मुलाचं खोटं सांभाळून घ्यावं तशी. सर मला म्हणाले, “बिगड़ी आपसे है, तो ठीक भी आप ही करवाइए. सर्दी की छुट्टियों में. और जब तक ठीक न हो, मशीन की कोई कहानी मुझे मत सुनाइए.”

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी कदाचित विसरले असते. पण त्याच बैठकीत ठरलं की माझं सहा महिन्यांचं अर्धवट काम सीनियर पुरं करेल, कारण मला मशीन धड वापरता येत नाही. त्यावर जो पेपर निघेल त्यात त्याचं नाव पहिलं. माझं दुसरं. गणिताची मांडणी माझी होती, रेणू मी निवडला होता, चुका मी काढल्या होत्या. त्याने फक्त ते चालवलं. आणि पुढे पेपर छापायला गेला.

त्या शनिवारी मी घरी आले ती चप्पलही न काढता पलंगावर बसले. नवऱ्याने चहा केला. सगळं ऐकून घेतलं. तो सहानुभूती दाखवणाऱ्यातला नव्हता, त्याने कामाचंच विचारलं.

“बिघाड कधी होतो?”

“कधीही.”

“कधीही असं काही नसतं. गरम झाल्यावर होतो की थंड असताना? काम जास्त असताना की नुसतं चालू असताना? हे बघ, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्यास तर कशाने दुरुस्त झालं ते कधीच कळणार नाही. आणि बिघाड नाहीसा झाला म्हणजे सापडला असं समजू नकोस. स्वतःच्या हाताने तो परत आणता आला, तरच तो सापडला.”

सुट्टी लागली. वसतिगृह रिकामं झालं, सकाळी धुक्यात समोरची झाडंही दिसेनाशी झाली. मी मफलर गुंडाळून मनीमाजऱ्याहून बसने यायची, चौकीदाराकडून किल्ली घ्यायची आणि त्या थंडगार खोलीत मशीन उघडून बसायची. आधी व्हायरसचाच निकाल लावला. डिस्क पूर्ण पुसली, सगळं नव्याने घातलं, माझी एकही फ्लॉपी लावली नाही. गणित सुरू केलं. सकाळी छान चाललं आणि दुपारी पडदा निळा झाला. व्हायरस गेला बाद. त्या दिवशी मला आनंद झाला, पण तो सांगायचा कोणाला?

मग वीज. सेक्टर बावीसच्या दुकानातून पॉवर सप्लायचा डबा उसना आणला, बदलला. पुन्हा निळं. पंखा काढून धूळ साफ केली, प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली. थोडा जास्त वेळ चाललं, पण पडलंच. मग मेमरी. मशीनमध्ये मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. एक काढून दुसरी तपासली, मग उलटं केलं. मेमरी तपासायचा प्रोग्राम दोन्ही पट्ट्यांवर चुकांच्या लाल ओळी दाखवायचा. मला वाटलं, सापडलं, दोन्ही पट्ट्या खराब. रुमालात गुंडाळून दुकानात घेऊन गेले.

दुकानदार सरदारजींनी त्या आपल्या मशीनमध्ये लावल्या. बोर्ड तोच, प्रोसेसर तोच, आमच्यासारखाच. मी स्टुलावर दुपारभर बसून राहिले. एकही लाल ओळ आली नाही. दोन्ही पट्ट्या निर्दोष. म्हणजे आमच्या खोलीत असं काहीतरी होतं, जे चांगल्या मेमरीला खोटं बोलायला लावत होतं.

सरदारजींचं मशीन मी मुद्दाम बंद करून पुन्हा चालू करून बघितलं, काही वेगळं दिसतंय का म्हणून. ते चालू होताना पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत प्रोसेसरचा वेग लिहून यायचा. पाचशे. आमच्या मशीनवर मला असं काही बघितल्याचं आठवेना. तिथे चालू होताना बोर्डाचं रंगीत चित्र यायचं आणि त्यामागे सगळं झाकलं जायचं.

दुसऱ्या दिवशी विभागात येऊन मी सेटिंगमध्ये जाऊन ते चित्र बंद केलं आणि मशीन पुन्हा चालू केलं. पडद्यावर आलं, सहाशे सदुसष्ट.

मी कोट घातलेलाच होता, तशीच उभी राहिले. पाचशेचा प्रोसेसर कोणीतरी सहाशे सदुसष्टवर पळवत होतं. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात हे मी नंतर एका कॉम्प्युटरच्या मासिकात वाचलं. कारखान्याने ज्या वेगाला माल पास केला, त्याहून जास्त वेगाने तो हाकायचा. सेटिंगमध्ये शिरले, तर एकेक सापडत गेलं. बोर्डाची मूळ गती, जी शंभर असायला हवी होती, ती एकशे तेहेतीस. त्याच गतीने मेमरीही धावत होती आणि तिला श्वास घ्यायला जी सवड असते तीही कमी केलेली. प्रोसेसरला वीज वाढवून दिलेली. आणि वर ते रंगीत चित्र. कोणाला आकडा दिसू नये म्हणून.

मी सगळं मूळ जागी आणलं. गणित लावलं. दीड दिवस न थांबता पुरं झालं. पुन्हा लावलं, पुन्हा पुरं. मग नवऱ्याचं ऐकून मी ते एकशे तेहेतीसवर नेलं. दुपारी निळं. बिघाड माझ्या हाताने परत आला होता.

कोणी केलंय याचा विचार करावाच लागला नाही. दिवाळीच्या सुमाराला सीनियर कँटीनमध्ये दोन ज्युनियर पोरांना सांगत होता की आता त्याची गणितं पूर्वीपेक्षा पुष्कळ लवकर संपतात. “मशीन को थोड़ी वर्जिश करवाई है,” म्हणजे व्यायाम करवलाय, असं म्हणाला होता. मी शेजारच्या टेबलावर होते. मीही हसले होते.

म्हणजे त्या शनिवारी त्याला ठाऊक होतं. व्हायरस म्हणताना, मनीमाजरा म्हणताना, मान हलवताना, माझं काम स्वतःकडे घेताना. त्याने चुकून माझ्यावर ढकललं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते. पण त्याने जाणून, हसत हसत केलं होतं. त्या खोलीत बसून मी ठरवलं की हे मी फेडणार. कसं, ते अजून माहीत नव्हतं.

ते मशीननेच सांगितलं. मी एकच छोटं गणित, तेच सुरुवातीचे आकडे घालून, संथ सेटिंगवर दोनदा चालवलं. दोन्ही वेळा उत्तर शेवटच्या आकड्यापर्यंत तंतोतंत सारखं. मग वेगवान सेटिंगवर दोनदा चालवलं. दोन्ही वेळा मशीन न थांबता गणित संपलं आणि दोन्ही वेळा उत्तर वेगळं आलं. मी खुर्चीत मागे टेकले. हे मशीन नुसतं बंद पडत नव्हतं. जेव्हा बंद पडत नव्हतं तेव्हाही ते चुकत होतं. आणि सीनियरच्या प्रबंधातला प्रत्येक आकडा याच्यातून निघत होता.

नवरा म्हणाला, “सुट्टी संपली की पहिल्याच दिवशी सरांना सांग.”

खरं सांगते, मी गेले होते. सर खुर्चीत बसून हीटरवर हात शेकत होते. मी म्हटलं, “सर, मशीन में असल में...”

त्यांनी हात वर केला. “कहानी नहीं. ठीक हुई कि नहीं?”

मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले. मग म्हटलं, “आज शाम तक जैसी थी, वैसी हो जाएगी, सर.”

“शाबाश,” सर म्हणाले.

मी खाली गेले, दार लावलं आणि एकेक सेटिंग जसं होतं तसं परत ठेवलं. एकशे तेहेतीस. मेमरीची सवड कमी. वीज जास्त. शेवटी ते रंगीत चित्रही परत लावलं. एखादी गोष्ट इतकी निगुतीने मी क्वचितच केली असेल.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, “बिघाड माहीत असून तू विमान सोडलंस.”

“त्यात माणसं नव्हती.”

“एक होता की.”

“होता. आणि पट्टा त्याने स्वतःच बांधला होता.”

त्या विषयावर तो पुढे बरेच महिने माझ्याशी बोललाच नाही, आणि मीही त्याची समजूत काढायला गेले नाही.

मी सरांना सांगून टाकलं की मला नवं मशीन नको. कोपऱ्यात एक जुनाट कॉम्प्युटर पडला होता, त्याच्यावर मी माझी गणितं लावायची. जिथे दीड दिवस लागायचा तिथे आठवडा लागायला लागला. सीनियरने विचारलं, “मैडम जी, बैलगाड़ी पर?” मी हसून म्हटलं, “जी.” मीही तो थोडा लांबवला.

उन्हाळ्यात त्याची प्रबंधाआधीची शेवटची परीक्षा होती. सगळ्या विभागापुढे बोलायचं आणि बाहेरगावहून येणाऱ्या तज्ज्ञांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. तोवर त्याने सगळे तक्ते त्या मशीनवर काढले. ते मध्ये मध्ये बंद पडायचं, तो व्होल्टेजला शिव्या द्यायचा आणि पुन्हा लावायचा. वेग खाली आणायचा त्याला धीर नव्हता. उशीर होत होता, आणि खाली आणून मशीन सुधारलं असतं तर माझ्यावरचा आरोप कुठे ठेवायचा, हाही प्रश्न होता. मी येता-जाता बघायची. मला फार बरं वाटायचं. जेवण गोड लागायचं.

परीक्षेचा दिवस मे महिन्यातला. सेमिनारच्या खोलीतले कूलर नुसती गरम हवा फेकत होते. तज्ज्ञ म्हणून एक वयस्कर बाई आल्या होत्या, बारीक आवाजाच्या, सुती साडी नेसलेल्या. सीनियर छान बोलला. बाईंनी बरेच प्रश्न विचारले, त्याने उत्तरं दिली. मग सरांनी विचारलं, आणखी कोणाला काही विचारायचंय का.

मी उभी राहिले. “सर, एक ही सवाल,” म्हणून मी सीनियरकडे वळले. “दूसरे टेबल का यह आँकड़ा आपने दोबारा चलाकर देखा था?”

सीनियर हसला. “मैडम जी, कंप्यूटर है. दो और दो हर बार चार ही बताएगा.”

“अगर न बताए तो?”

खोलीत कोणीतरी खुदकन हसलं. बाई हसल्या नाहीत. त्या मला म्हणाल्या, “आप यह क्यों पूछ रही हैं?”

“मैडम, क्योंकि मैंने इसी मशीन पर एक ही हिसाब दो बार चलाया. जवाब दो आए.”

सर काही बोलणार होते. बाईंनी त्यांच्याकडे न बघताच चष्मा काढून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, “चलिए, देख लेते हैं. मशीन कहाँ है?”

सगळे खाली गेलो. त्या खोलीला पश्चिमेची खिडकी होती आणि ऊन थेट आत येत होतं. बाईंनी स्वतः सुरुवातीचे आकडे सांगितले, सीनियरने ते टाइप केले. लहान गणित होतं, चहा होईपर्यंत संपलं. बाईंनी उत्तर हातावर पेनने लिहून घेतलं आणि म्हणाल्या, “फिर से.” दुसरं उत्तर आलं ते त्यांनी पहिल्याच्या खाली लिहिलं आणि हात सरांपुढे धरला. सरांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “फिर से,” बाई म्हणाल्या. या वेळी मध्येच पडदा निळा झाला.

सीनियर म्हणाला, “इसे मैडम ने छेड़ा होगा. छुट्टियों में यही खोलकर बैठी थीं.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पुढे होऊन मशीन पुन्हा चालू केलं, ते चित्र बंद केलं आणि बाजूला झाले. सहाशे सदुसष्ट. मी म्हटलं, “दुकान से यह पाँच सौ पर आई थी. दिवाली से इसी तेज़ सेटिंग पर चल रही है. वर्जिश करवाई गई है.”

शेवटचा शब्द मी त्याच्याकडे बघून म्हटला. कँटीनमधल्या त्या दोन ज्युनियर पोरांनी एकमेकांकडे बघितलं, आणि ते सरांच्या नजरेतून सुटलं नाही. सीनियरचं तोंड आधी लाल झालं, मग पांढरं. हे मी सगळं नीट बघितलं. मान वळवली नाही.

“आपको पता था?” त्याने विचारलं. पहिल्यांदाच ‘मैडम जी’ शिवाय.

“हाँ.”

“कब से?”

“जनवरी से.”

सर ओरडलेच. “तो मुझे बताया क्यों नहीं?”

“आपने कहा था, मशीन की कहानी मत सुनाना. मैं आई थी, सर. आपने हाथ उठा दिया था.”

बाई बेसिनपाशी जाऊन हात धुऊन आल्या आणि सरांना हळू आवाजात म्हणाल्या की सगळे तक्ते पुन्हा काढल्याशिवाय हा प्रबंध पुढे जाणार नाही. जाताना त्या माझ्यापाशी थांबल्या. मला वाटलं शाबासकी देतील. त्या म्हणाल्या, “आपने ठीक पकड़ा. मगर इंतज़ार बहुत किया.” आणि गेल्या.

तो पेपर परत घ्यावा लागला. त्यात माझंही नाव होतं, तेही गेलं. सरांनी पुढे कित्येक महिने माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. माझा मान वाढला असं काही झालं नाही, उलट लोक माझ्यापासून जरा जपून राहायला लागले. एक मात्र झालं. मशीनची जबाबदारी माझ्याकडे आली. मी वेग शंभरवर आणला आणि चालू करायला पासवर्ड घातला. तो फक्त मला माहीत होता.

सीनियरला पूर्ण वर्षभर थांबावं लागलं. रोज सकाळी माझ्या दाराशी येऊन म्हणायचा, “मशीन खोल देंगी?” मी चहा पीत असले तर कप संपवायची. फोनवर असले तर बोलणं संपवायची. मग जायची, तो पाठ करून उभा राहायचा आणि मी पासवर्ड टाकायची. एकदा तो म्हणाला की पासवर्ड सांगितलात तर तुम्हाला रोज त्रास होणार नाही. मी म्हटलं, “मुझे कोई तकलीफ़ नहीं.” आणि खरंच नव्हती.

त्याचे नवे आकडे चांगले आले. जुन्यांपेक्षा बरेच वेगळे, पण चांगले. प्रबंध झाला, दिल्लीला नोकरी लागली. निघायच्या दिवशी तो सगळ्यांना भेटत माझ्यापाशी आला. शर्ट तसाच कडक. म्हणाला, “मैंने आपके साथ ग़लत किया था. आपने भी कर लिया. अब तो बराबर?”

मी थोडा विचार केला. त्याने खरंच विचारलं होतं, म्हणून खरंच उत्तर द्यावं असं वाटलं.

“नहीं,” मी म्हटलं. “आपका एक साल गया. मेरा पेपर गया, मेरा काम गया, और उस कमरे में सब हँसे थे. वह वापस नहीं आया.”

तो हसेल किंवा काहीतरी म्हणेल असं वाटलं. तो मान डोलावून गेला. त्याच्यामागे जिन्यावर पोरांचा गलका झाला, कोणीतरी स्कूटर चालू केली. मला वाईट वाटायला हवं होतं असं नवरा म्हणाला. मी वाट बघितली. नाही वाटलं. दुसऱ्या दिवशी मशीन मोकळं होतं, म्हणून मी माझं गणित त्याच्यावर लावलं आणि ते न थांबता पुरं झालं.